सशाच्या नखाचं परमिट

सशाच्या पायातून रक्त येत होतं आणि आमचे नाना टीव्ही बंद करायला उठले होते. टीव्ही बंद केला, मग दारावरच्या घंटीचं बटण बंद केलं, मग स्वयंपाकघरात जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला. परत येताना टेबलावर माझा मोबाईल दिसला, त्याचाही आवाज बंद करून तो त्यांनी पालथा ठेवला. मी टॉवेल हातात धरून "नाना, अहो, रक्त येतंय!" म्हणून ओरडत होते. ते शांतपणे म्हणाले, "दिसतंय मला. आधी सप्लाय बंद, मग काम."

नाना म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, मेंटेनन्सला. तिथे कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी परमिट घ्यायचं, सप्लाय तोडायचा, बटणावर लाल पाटी लटकवायची. साहेबाने सांगितलेलं काम ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणून दाखवायचं आणि मगच हात पुढे करायचा. तिथे ते ठीकच होतं, माणसं त्यावर जगत होती. पण नानांनी ते सगळं घरी आणलं. "कोपऱ्यावरून दही आण. परत सांग." "कोपऱ्यावरून दही आणते." माझं सगळं लहानपण असं परत सांगण्यात गेलं. घरातला बल्ब बदलायचा तरी नाना शेजारी सांगून यायचे. मी आईच्या वळणावर गेलेली, तापट आणि उतावळी. माझं डोकं या प्रकाराने कायम फिरायचं आणि त्या रविवारी तर ते पार भडकलं होतं.

झालं होतं ते असं. मी धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि सुट्टी जोडून आली की जळगावला आईनानांकडे येते. थंडीचे दिवस होते. आई गॅलरीतल्या उन्हात खुर्चीवर बसली होती, मांडीवर लोकरीची शाल, शालीवर ससा. आत कुकरची शिट्टी झाली आणि ससा दचकून उडाला. त्याच्या मागच्या पायाचं नख शालीच्या विणीत अडकलेलं होतं. एरवी माणूस शाल सोडून देतो आणि प्रश्न मिटतो. पण आईच्या उजव्या हाताच्या मुठीत शाल होती, आणि ती मूठ आईला पटकन उघडता येत नाही. ससा एकदाच किंचाळला. ससा किंचाळतो हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. शालीवर लाल ठिपके पडले आणि तो सोफ्याखाली जाऊन बसला.

आईला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. पाय बराचसा सावरला होता. बोलणंही परत आलं, पण येताना शहरी मराठी कुठेतरी सांडून आलं. चोपड्याकडच्या तिच्या माहेरची बोली तेवढी राहिली. उजवा हात मात्र हट्टाला पेटला होता. मूठ वळायची, उघडायची नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दिला होता. आईने तो खिडकीबाहेर भिरकावला, डाव्या हाताने. म्हणाली, "मी काय चेंडू खेळाले ल्हान पोर शे का?"

ससा त्याच सुमारास आला. धुळ्याच्या माझ्या एका सहकारी बाईंच्या इमारतीत तो कोणाला नको होता, म्हणून आठवडाभरासाठी मी त्याला उचलला आणि येताना जळगावला घेऊन आले. पांढरा, एका कानावर राखाडी डाग. आईने त्याला मांडीवर घेतलं आणि तो उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला. वळलेली बोटं केसांत आपोआप सैल पडायला लागली. व्यायामाच्या ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चेंडू राहू द्या. दिवसभर हेच करू द्या." आठवडा कधीच उलटून गेला. आई त्याला पोऱ्या म्हणायला लागली. दिवाळीच्या आसपास तिने त्या हाताने त्याला मेथीची काडी भरवली, तेव्हा नानांनी मला फोन करून ती बातमी सांगितली आणि मग, सवयीप्रमाणे, परत सांगितली.

तर असा तो ससा सोफ्याखाली बसला होता, आणि आई खुर्चीत पांढरीफटक पडून एकच वाक्य म्हणत होती, "मी मारी टाकं त्याले. मी मारी टाकं."

घर चिडीचूप झाल्यावर नाना जमिनीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांनी लक्ष दिलं नाही. "त्याला ओढायचं नाही. तो येईल." आम्ही वाट बघत बसलो. मी आतून नुसती उकळत होते. थोड्या वेळाने खरंच, कुठेच काही वाजत नाही म्हटल्यावर, तो लंगडत बाहेर आला. नानांनी टॉवेल त्याच्यावर अलगद टाकला, डोळे झाकले, अंग गुंडाळलं आणि एकच पाय बाहेर काढला. मग मला म्हणाले, "मी पाय धरतो. तू वाटीत मैदा आण, कोरडा चमचा. परत सांग."

"नाना!"

"परत सांग."

"मैदा आणते. कोरडा चमचा." मी दात खाऊन म्हटलं. खरं सांगायचं तर ते म्हणतानाच मैद्याचा डबा कुठल्या फळीवर आहे ते मला नीट आठवलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की ही माणसं परत का सांगतात.

नख उभं चिरलं होतं. अर्धं जागेवर, अर्धं बाजूला लोंबत होतं. नानांनी मैदा चिमटीने नखाच्या बुडाशी दाबला आणि घड्याळाकडे बघत तसाच धरून ठेवला. मी एकीकडे जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्यातरी शेतावर म्हशीपाशी होते. म्हणाले, मैदा लावलात ते बरं केलंत. लोंबणारा तुकडा ओढू नका, ओढलात तर मुळापासून रक्त येईल. उद्या सकाळी घेऊन या, मी कापतो. तोवर कोरड्या, स्वच्छ कापडावर ठेवा. आणि मुख्य म्हणजे तो खात राहिला पाहिजे. सशाचं पोट थांबलं की जड जातं. मी हे सगळं मोठ्याने परत म्हणत होते, नानांना ऐकू जावं म्हणून. नानांनी मान डोलावली. इतकी पसंती त्यांच्याकडून मला दहावीच्या निकालालाही मिळाली नव्हती.

रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लोंबणारा तुकडा कापला, औषधाच्या पाण्याने पाय धुतला आणि सांगितलं की नख येईल परत, घाबरायचं कारण नाही. सशाचं संकट इथे संपलं असं मला वाटलं होतं.

घरी आलो तेव्हा आई गॅलरीत नव्हती. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजवा हात तिने पांघरुणात खोल घालून ठेवला होता, कोणी मागेल की काय अशा भीतीने. नानांनी ससा तिच्यापाशी नेला तर तिने मान हलवली.

"मन्हाकडे आणू नका त्याले. मन्हा हात माणूसना राहिना नही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू त्याले धुळाले लई जाय."

जेवताना हात बाहेर आला नाही. व्यायामाच्या ताई आल्या, त्यांनाही तिने परत पाठवलं. दारात चपला घालताना ताई नानांना हळू आवाजात म्हणाल्या, "हात असाच मिटून राहिला तर मिळवलेलं सगळं जाईल काका. मग परत आणणं अवघड आहे." नानांनी दार लावून घेतलं. मला मात्र राग आला, आईचा, शालीचा, कुकरचा, सगळ्यांचाच. मी कॉलेजात रजा कळवली आणि राहिले.

बातमी शेजारच्या भाभींनी पसरवली. भाभींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पिढ्यान्‌पिढ्या जळगावात कापडाचं दुकान. त्यांच्याइतका जीव लावणारा शेजार मी पाहिलेला नाही. त्या दुपारीच आल्या, हातात केळ्यांची फणी. "बिचाऱ्या मुक्या जिवाला किती लागलं हो!" त्यांच्यामागून समोरच्या बाई आल्या, केळी. नानांचे फिरायला जाणारे मित्र आले, केळी. आजाऱ्याच्या भेटीला रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि आमच्या जळगावात हातात दुसरं काय असणार? कोणी सफरचंद घेऊन आलं तर समजावं, पाहुणा बाहेरगावचा आहे. लोक आधी आईच्या पलंगापाशी बसत, तिची चौकशी करत, आणि मग सशाच्या खोक्यापाशी जाऊन केळं सोलत. ससा टुणकन उठून बसायचा आणि चकती मटकवायचा.

"खातोय," नाना समाधानाने म्हणायचे. डॉक्टरांनी खात राहिला पाहिजे म्हटलं होतं ना, मग तो खात होता. इतक्या काटेकोर माणसाने काय खातो हे विचारलं नाही. विचारणार तरी कसे? ज्या गावात बाळाचा पहिला घास केळ्याचा आणि म्हाताऱ्याचा शेवटचाही केळ्याचा, तिथे केळं कुणाला बाधेल हे मनात यायला बाहेरचं डोकं लागतं. मीसुद्धा भरवलं. खोक्यातलं वाळलं गवत तसंच पडून होतं आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं त्याच्याकडे बघून म्हणत होतो, बघ, लाडावलाय.

ते पाहिलं आईने. ती भिंतीकडे तोंड करून पडायची हे खरं, पण कधी वळायची ते आम्हाला कळत नव्हतं. भाभी परत आल्या होत्या, केळं अर्धं सोललं होतं, आणि पलंगावरून आवाज आला.

"ठेवा ते खाली!"

भाभी दचकल्या. आई कोपरावर उठून बसली होती. झटका आल्यापासून तिचा असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. "बठ्ठा घरना लोके त्याले केळं चारी राहिनात. कालदिनपाईन त्यानी लेंडी टाकेल नही. दखात का कोणी? पोट दखा त्यानं."

आम्ही बघितलं. खोक्यातलं कापड स्वच्छ होतं. ते स्वच्छ आहे म्हणून मी सकाळी खूशही झाले होते. ससा कोपऱ्यात फुगून बसला होता, आणि भाभींच्या हातातल्या केळ्याकडेही आता त्याने पाहिलं नाही.

नाना उठून उभे राहिले. "चूक माझी," ते सरळ म्हणाले, भाभींच्या देखत. सबब नाही, डॉक्टरांवर ढकलणं नाही. नोकरीतही ते असेच म्हणत असत असं त्यांचे मित्र सांगतात. तेव्हा ती मला नुसती सांगायची गोष्ट वाटायची. त्यांनी लगेच फोन लावला. डॉक्टरांनी जे कान उपटले ते त्यांनी उभ्याने ऐकून घेतलं: गोड बंद, वाळलं गवत आणि पाणी द्या, पोट हलक्या हाताने चोळा, जरा हिंडवा. संध्याकाळपर्यंत तोंड हललं नाही तर घेऊन या, मी सुई देतो.

मी गवत पुढे केलं. ससा मान वळवून बसला. नानांनी केलं, तेच. भाभींनी त्याला मारवाडीत, मराठीत आणि हिंदीत समजावून पाहिलं. दुपार कलली. आई बघत होती. तिचा डावा हात पांघरुणाची किनार मुठीत धरायचा, सोडायचा.

मग नानांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते. त्यांनी खोकं उचलून आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि स्वतः तिच्या पायाशी बसले. नोकरीभर ऑफिसची मराठी बोललेले नाना, आई आजारी पडल्यापासून तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायला लागले होते. म्हणाले, "आमना तठे एखादाले शॉक लागे ना, तर दुसरा दिन मी त्यालेच त्याच पॅनलवर लई जाऊ. त्याले सांगू, मी बाजूले उभा शे. हात मात्र तुन्हा."

"आनि पुन्हा शॉक लागना तर?"

"मी बाजूले कसाले उभा राहू मग?"

आईने खोक्यात वाकून पाहिलं. मग तिने डाव्या हाताने गवताची काडी उचलली आणि खोक्यात धरली. सशाने ती हुंगली, मग तो पुढे सरकला. काडीचं टोक ओठात गेलं आणि हळूहळू आत जायला लागलं. त्याच्या जबड्याची ती बारीक करकर ऐकून भाभींनी हात जोडले. तिन्हीसांजेला कापडावर पहिली लेंडी पडली आणि आमच्या घरात एखादं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला. चहा झाला. केळी कामवाल्या बाईंबरोबर गेली.

पण उजवा हात पांघरुणातच होता. डाव्या हाताने ती त्याला भरवायची, त्याच्याशी बोलायची, मांडीवर मात्र घ्यायची नाही. "तो हात नको," इतकंच. मी धुळ्याला परत गेले तेव्हा बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे तो मिटलेला हात होता. फोनवर नानांना रोज विचारायचे. ते म्हणायचे, "अजून नाही."

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा नखाच्या जागी नवं टोक दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाकीची नखंही वाढलीत, पुन्हा कशात तरी अडकतील, टोकं छाटून घ्या. नानांनी बारीक कात्री आणली होती. सकाळी ऊन गॅलरीत आल्यावर त्यांनी टीव्ही, घंटी, गॅस, मोबाईल सगळं बंद केलं. या वेळी मी स्वतःहून माझा दिला. आई खुर्चीवर होती. नानांनी चष्मा लावला.

"कामाला तीन माणसं लागतात," ते म्हणाले. "मी कापणार. नखात रक्ताची नस असते, ती उजेडात दिसते, म्हणून तू बॅटरी धरणार. सशाला धरायला कोणी हवं."

"भाभींना हाक मारते," मी म्हटलं.

"भाभी दुकानात गेल्यात."

पलीकडच्या गॅलरीतून भाभींचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता; त्या भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होत्या. जन्मभर एका बटणाबद्दलही खोटं न बोललेल्या माझ्या बापाने चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"खोटं बोलतस तुम्ही."

"हो," नाना म्हणाले आणि टॉवेलात गुंडाळलेला ससा तिच्या मांडीवर ठेवला. "मांगला उजवा पाय. घट्ट नही, नुसता धराना. तो झटका मारी तर सोडी देवाना. परत सांग."

मला वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. शालीखालून तो हात आला. निम्मा मिटलेला, निस्तेज, नखं वाढलेली. तिने तो सशाच्या पायाभोवती ठेवला आणि बोटं आपली आपण वळली.

"मांगला उजवा पाय," आई म्हणाली. "झटका मारी तर सोडी देवाना."

मी बॅटरी धरली. नखातली गुलाबी नस दिसली, नानांनी तिच्या अलीकडे कात्री लावली. कट. एक टोक उडालं. दुसरं. आईचा श्वास ऐकू येत होता. नानांनी कात्री पुढच्या नखाला लावली, आणि कशाने कोण जाणे, ससा टॉवेलातून सगळ्या अंगाने उसळला.

मी आईच्या हाताकडे पाहत होते. नानाही. अंगठा सुटला. मग दोन बोटं. मग तिसरं. करंगळी क्षणभर मागे राहिली आणि तीही उघडली. ससा तिच्या तळहातावरून उडी मारून खाली उतरला आणि सोफ्याच्या दिशेने पळाला. पाय धड, नख धड. तळहात तसाच उन्हात उघडा राहिला. वर्षभरात तो मी पूर्ण उघडा पाहिलेला नव्हता. नानांच्या हातातली कात्री हवेतच राहिली होती.

आई आमच्यावर खेकसली, "मन्हाकडे काय पाही राहिनात दोन्हीजन? पोऱ्या पळना ना! धरा त्याले, आखो नखं बाकी शेतस."